शकूचा अर्धा पूल

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक नवी सून नळाजवळ पडली. हंडा एकीकडे, ती एकीकडे, डोळे वर गेलेले, हातपाय झटकत होते. कुणीतरी धावत जाऊन चप्पल आणली आणि तिच्या नाकाला लावली. मी ओरडले, "अरे, चप्पल कसली हुंगवता! कुशीवर करा तिला!" कुणी ऐकेना, तेव्हा मीच भर रस्त्यात बसले आणि तिला कुशीवर वळवलं. संध्याकाळी ती माझ्या दारात आली. कडेवर नेहमीचं तान्हं पोर नव्हतं, डोळे रडून सुजलेले. म्हणाली, "अक्का, तुम्हालासुद्धा हेच होतं ना? मग तुमच्या घरच्यांनी तुम्हाला कसं ठेवून घेतलं?"

तिला आत घेतलं, चहा दिला, आणि सांगायला बसले तर मलाच धड सांगता येईना. एक सांगावं तर दुसरं आडवं येतं. शेवटी तिला म्हटलं, "तू जा आता, मी लिहून ठेवते." मी मराठी सातवी पास आहे, लिहिण्याचं काही अडत नाही. पण आधीच सांगते, या गोष्टीचा पुरता उलगडा मला स्वतःलाही अजून झालेला नाही. डॉक्टरी माहिती हवी असेल त्यांनी डॉक्टरकडे जावं. माझ्याकडे जो गोंधळ आहे तो जसा झाला तसा देते.

पूल दाखवणं

माझं माहेर जळगावचं, मेहरूणचं. सासर धुळ्याचं, पांझरेच्या मोठ्या पुलापासून जवळच. पुलाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे देवपूर.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते हे खानदेशात कुणाला सांगायला नको. दुसरीकडच्यांसाठी सांगते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं, घरातले दागिने चढवायचे आणि रविवारी चौरंगावर मांडायची. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायचं, न्हाऊ घालायचं, ओवाळून बोळवण करायची. नारळ मात्र परत आणून देव्हाऱ्यात ठेवायचा, तो पिढ्यानपिढ्या चालतो.

बाकीच्या गल्ल्या आपापल्या काठाला जातात. आमची गल्ली मात्र दरसाल सगळीच्या सगळी मोठा पूल चालत ओलांडून देवपूरच्या काठाला जाते. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, पावसाची भुरभुर असली तरी. का? सासूबाई म्हणायच्या, देवीनं तसं सांगितलंय. सासरे म्हणायचे, "काय सांगतीस! एका साली इकडच्या काठाला चिखल होता म्हणून तिकडं गेलो, तोच पायंडा पडला." दोन्ही खरं असेल.

आणि आमच्या गल्लीचा एक रिवाज. मागच्या श्रावणानंतर जे मूल जन्मलं असेल त्याला आईनं कडेवर घेऊन कानबाईच्या मागे मागे पूर्ण पूल ओलांडायचा. मध्ये खाली ठेवायचं नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. त्याला "पूल दाखवणं" म्हणतात. पूल दाखवलेलं मूल पाण्याला भीत नाही आणि आईला दुरावत नाही, असं मानतात. आमच्या गल्लीत तोवर कुणाचा पूल अर्धा राहिला नव्हता. पहिला राहिला तो माझ्या शकूचा.

सासूबाई मला 'आई' म्हणाल्या

शकू तेव्हा काही महिन्यांची होती. तिला झबलं-टोपडं घालून, गालाला तीट लावून मी कानबाईच्या मागे चालत होते. शेजारी माझी जाऊ कमळ. डफ वाजत होते, बायका फुगड्या घालत होत्या, खाली पांझरा गढूळ होऊन वाहत होती. अर्ध्या पुलावर आलो आणि मला हिंग जळल्याचा वास आला. पुलावर कोण हिंग जाळणार? कमळला विचारावं म्हणून मान वळवली, तो डफांचा आवाज कुठल्या कुठे लांब गेला.

पुढचं मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी पुलावर आडवी होते, डोकं कुणाच्या तरी मांडीवर, कपाळभर कुंकू. तोंडात रक्ताची चव, जीभ सुजलेली. माझ्याभोवती गोल करून सगळी गल्ली हात जोडून उभी. आणि सासूबाई माझ्या पायाला हात लावून म्हणत होत्या, "आई, चुकलं असेल तर पदरात घे."

लग्न झाल्यापासून मला त्या घरात "ए" शिवाय हाक नव्हती. मी इकडेतिकडे पाहिलं, आई कुणाला म्हणतायत?

"काय व्हयनं?" मी विचारलं.

"कानबाई उनी व्हती तुना आंगमा," कमळ म्हणाली. म्हणजे कानबाई माझ्या अंगात आली होती. कमळच्या कडेवर शकू होती. मी पडताना तिनं शकूला वरच्यावर झेललं म्हणून पोर वाचली. नाहीतर कठडा तिथून हातभरावर.  मी शकूसाठी हात पुढे केले. सासूबाईंनी माझे हात हळूच खाली केले. "राहू दे, आई दमली." आई म्हणजे देवी. त्या दिवशी मला तेवढंही नीट कळलं नव्हतं.

शेजारच्या गोदाकाकूंनी म्हणे मला तेव्हा विचारलं होतं, आपल्या लेकीचं घर नांदेल का, आणि मी हो हो म्हणाले होते. मला काही आठवत नाही. लेकीचं घर मात्र नांदलं. आता काय म्हणायचं?

जगाची पोरं आणि माझी पोर

घरी आल्यावर पहिला चहा मला. मग वाढताना पहिलं ताट मला. मंगळवारी आणि शुक्रवारी बायका यायला लागल्या, ओटी भरायच्या, पायावर डोकं ठेवायच्या. दिवाळीच्या आसपास मी अंगणात पुन्हा पडले, पुन्हा कुंकू, पुन्हा आरती. संक्रांतीला पुन्हा. दरवेळी तोच हिंगाचा वास, मग काही नाही, मग सगळे हात जोडून उभे.

खरं सांगू? मला आवडायला लागलं होतं. ज्या घरात मिठाचा खडा मागायला सासूबाईंच्या तोंडाकडे बघावं लागायचं, तिथे माझा शब्द चालायला लागला. आणि मला वाटायला लागलं, असेलही. कानबाई कुणाच्या तरी अंगात येणार, मग माझ्या का नाही?

पण जागी झाल्यावर अंग ठेचल्यासारखं दुखायचं. जीभ चावलेली असायची, भाकरी गिळवत नसे. आणि लुगडं ओलं झालेलं असायचं. त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, म्हणून त्याविषयी कुणी बोलायचं नाही. कमळ गुपचूप मला न्हाणीत घेऊन जायची आणि धुतलेलं लुगडं द्यायची. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो नाही.

आणि शकू? देवी कधी येईल सांगता येत नाही, म्हणून पोर कमळकडे राहू दे, असं सासूबाईंनी ठरवलं होतं. पाजायला तेवढी माझ्या मांडीवर द्यायच्या, तीही समोर बसून. नंतर वरचं दूध सुरू झालं आणि तेही थांबलं. कमळला मूलबाळ नव्हतं. ती शकूला जीव लावून सांभाळायची, बोलायला जागाच नव्हती. पण गंमत बघा, धुळ्यातल्या कुठल्या कुठल्या बायका आपली तान्ही पोरं आणून आशीर्वादासाठी माझ्या ओटीत घालायच्या. जगाची पोरं माझ्या मांडीवर, आणि माझी पोर जावेच्या कडेवर. एकदा शकू रडत होती, मी उचलायला गेले तर ती माझ्याकडे बघून जास्तच रडली आणि कमळकडे हात पसरले. त्या दिवशी मी देव्हाऱ्यासमोर बसून कानबाईला म्हटलं, "बाई गं, तू ये नाहीतर जा, पण माझी पोर मला दे." मी फटकळ आहे, देवीशीसुद्धा.

तवा

होळीच्या आधी एका सकाळी मी भाकरी टाकत होते. हिंगाचा वास आला. या वेळी मला वाटलं, चुलीपाशी आहे, फोडणीचाच असेल. जाग आली ती हाताच्या आगीनं. उजवा हात तव्यावर पडला होता. कमळनं मला ओढून बाजूला केलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, डोळे मिटून, हात जोडून.

त्यांना हात जळताना दिसला नाही असं नाही. त्यांना वाटलं, देवीला काही होत नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता. त्यांच्या जागी मी असते तरी हात जोडून उभी राहिले असते.

पण कमळ ओरडली. त्या घरात तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "देवी शे तं तिना हात कसा जयना?"

देवी असेल तर हात जळेलच कसा, असं तिचं म्हणणं. सासरे नुसते अंगणात जाऊन बसले. हात भरून येईपर्यंत मला माहेरी पाठवायचं ठरलं. शकू कमळकडेच राहिली.

निदानाचा दिवस

माझा दादा मला जळगावच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला तो हाताच्या जखमेसाठी. डॉक्टर तरुण होते. पट्टी उलगडता उलगडता त्यांनी विचारलं, "तव्यावर हात पडला, मग उचलला का नाही?"  दादा म्हणाला, "हिच्या अंगात येतं, साहेब." डॉक्टरांनी पट्टी खाली ठेवली. मग एकेक विचारायला लागले. आधी कसला वास येतो का? जीभ चावते का? नंतर झोप येते का? कपडे ओले होतात?

दादासमोर हे विचारल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला पाहिजे होतं. झालं उलटंच. मला हायसं वाटलं. जे कुणी बोलत नव्हतं ते या माणसाला न सांगता ठाऊक होतं, म्हणजे हे आणखी कुणाला तरी होत असणार.

"याला फिट म्हणतात," ते म्हणाले. "आजार आहे, औषध आहे."

मी म्हटलं, "मग देवी नाही?"

"देवीचं मला काही शिकवलेलं नाही, बाई. पण तुम्हीच सांगा, देवी ज्याच्या घरी येते त्याची जीभ चावून जाते का?"

दादा हसला. मला हसू आलं नाही, राग आला. ज्या देवीमुळे माझ्या सासूच्या तोंडातून "आई" निघालं, तिच्याविषयी हा कालचा पोरगा बोलणार? त्याच वेळी आत कुठेतरी वाटत होतं, बोल रे बाबा, आणखी बोल. असा दोन्हीकडून जीव ओढला जात होता.

मला काही दिवस दाखल करून घेतलं. सकाळी फिनाईलचा वास, थर्मामीटर, दुधाचा पेला. फिनाईलचासुद्धा मी दचकून वास घेत असे, हा खरा का डोक्यातला? दुपारी सिस्टर गोळी तोंडात घालायची आणि गिळली का ते बघायला तोंड उघडायला लावायची. मला त्या गोळीनं गुंगी यायची. जिना कुठे, न्हाणीघर कुठे, सगळं विसरायला व्हायचं. एकदा दुसऱ्याच बाईच्या खाटेवर जाऊन झोपले, ती बिचारी माझ्या पायथ्याशी बसून राहिली.

शेजारच्या खाटेवर रावेरकडच्या केळीच्या बागायतदाराची बाई होती, यमुनाबाई, पोटाच्या दुखण्यासाठी आलेली. माझ्या अंगात येतं असं ऐकून तिनं पहिल्या दिवशी माझ्या पायावर डोकं ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत मला फिट आली. मी जागी झाले तेव्हा वाटलं, आता ही खाट बदलून घेणार. ती केळ सोलत बसली होती. म्हणाली, "देवी असो का दुखनं असो, भूक तं तुलेच लागते ना माय?" आणि केळ माझ्या हातात दिलं. डावा हात चांगला होता त्या हातात. आजारपणात लोकांनी मला पुष्कळ दिलं, पण ते केळ मी विसरत नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं. गोळी रोज घ्यायची, वर्षानुवर्षं, बरं वाटलं तरी सोडायची नाही. चूल, विहीर, नदी जपून. "आणि लहान मूल एकटीनं उचलून चालायचं नाही."

म्हणजे देवी असले तरी पोर नाही आणि आजारी असले तरी पोर नाही. मी पायरीवरच बसले आणि रडले.

सांगू की नको

दादाचं म्हणणं, सासरी सांगायचं नाही. "फिटवाली म्हणून कळलं की तुला इथे आणून सोडतील, आणि शकूला ठेवून घेतील." तो खोटं बोलत नव्हता. आमच्या मेहरूणमध्येच एक बाई तशी परत आली होती, भावाच्या ओसरीवर पडून असायची. पण न सांगावं तर? गोळ्यांनी देवी यायची थांबली की विचारतील, का थांबली? आणि गोळ्या घेतल्या नाहीत तर एक दिवस चुलीत नाहीतर नदीत. जळगावहून धुळ्याला येईपर्यंत एसटीत मी पारोळ्याला सांगायचं ठरवलं आणि फागण्याला नाही सांगायचं ठरवलं.

आमच्या ह्यांना सांगितलं मात्र. हे मिलमध्ये कामाला. मुळात बोलणं कमी, त्यात मिलच्या खडखडाटात राहून आणखी कमी झालेलं. बराच वेळ गोळ्यांची बाटली हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "घेत जा. मायले मातर आत्ता सांगू नको. कानबाई होऊ दे, मंग पाहू." मला म्हणायचं होतं, तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगा, देवी का आजार? पण त्यांच्या चेहऱ्यावर मला माझाच गोंधळ दिसला. विचारून काय उपयोग.

गोळ्या चालू झाल्या. बाटली तांदळाच्या डब्यात लपवलेली. मी आमटीत दोनदा मीठ घालायची, नाहीतर घालायचीच नाही. शकूला माझ्या लहानपणच्या मैत्रिणीच्या नावानं हाक मारायची. घेतलेली गोळी घेतली का नाही आठवत नसे. पण पडणं थांबलं. उन्हाळा गेला, आषाढ गेला, मी पडले नाही.

आणि इकडे सासूबाई हवालदिल. देवी येईना. मंगळवारी बायका यायच्या, वाट बघायच्या आणि उठून जायच्या. सासूबाईंनी कुठं चुकलं ते आठवायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, हात जळला तेव्हा आपण धावलो नाही म्हणून देवी रुसली. त्यांनी मंगळवार धरला, मग शुक्रवार धरला, पायात चपला घालायच्या सोडल्या. उन्हात अनवाणी बाजारात जाऊन यायच्या आणि संध्याकाळी तळपाय चोळत बसायच्या. मी तेल लावायला गेले की पाय ओढून घ्यायच्या. "तू कसाले हात लावस? तू आई शे."  तोंडाशी यायचं, माय, देवी रुसलेली नाही, तांदळाच्या डब्यात आहे. पण शकू समोर कमळच्या मांडीवर खेळत असायची, आणि मी गप्प बसायची.

दुसरा श्रावण

त्या साली आमच्या कानबाईला दुसऱ्या गल्ल्यांतल्याही बायका आल्या. पुलावर मागच्या वर्षी जिथे देवी आली, तिथेच या वर्षीही येणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मला कानबाईच्या लगेच मागे चालायला लावलं. सासूबाई शेजारी कुंकवाचं ताट घेऊन. शकू कमळकडे. शकूचा मागच्या वर्षीचा अर्धा पूल पुरा करायचाच होता, पण तो कमळनं करावा असं ठरलं होतं.

पुलावर पाय ठेवला आणि माझ्या मनात आलं, सकाळी गोळी घेतली का? नैवेद्याचे रोट करायची गडबड, पाहुणे, जागरण. तांदळाचा डबा उघडल्याचं आठवत होतं. पण तो तांदूळ काढायला उघडला होता का गोळी घ्यायला? ह्यांना खूण करून विचारावं तर हे पुढे डफवाल्यांत.

अर्धा पूल आला. मिरवणूक आपोआप थांबली. डफ जोरात वाजायला लागले. बायकांनी गोल केला आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. गोदाकाकू पुढे येऊन बसल्या, त्यांना या वर्षी मुलाचं विचारायचं होतं.

आणि मला हिंगाचा वास आला.

तो वास खरा होता का डोक्यातला, मला आजतागायत कळलेलं नाही. कुणाच्या शिदोरीतला असेल.  खाली पांझरा तशीच गढूळ. मनात आलं, पडायचं असेल तर आता पड. आणि वास खोटा असला, तर? तर नुसती घुमले तरी चालेल. जरा मान हलवली, केस सोडले की झालं. सासूबाईंना चपला मिळतील, गोदाकाकूंना उत्तर मिळेल, मला पहिलं ताट मिळेल. फक्त शकू मिळणार नाही. पुढच्या वर्षीही नाही, कधीच नाही.

सासूबाईंनी चिमटीत कुंकू धरलं होतं. त्यांचे ओठ हलत होते. त्यांचे पाय, भेगा पडलेले, चिखलानं भरलेले.

मी कठड्याला धरून खाली बसले आणि म्हटलं, "माय, देवी येवाव नही. माले फिटना आजार शे. मी दवाखानानी गोयी खास."

डफ एकेक करून थांबले. मागे कुणीतरी विचारत होतं, काय म्हणाली, काय म्हणाली? गोदाकाकू उठून दोन पावलं मागे सरल्या. त्या नावाचीच लोकांना भीती. "अगं बया!" त्या म्हणाल्या. "फिटवालीले देवीना मांगे कसाले उभं करं? मांगे धाडा तिले. आनि पोर दूर ठेवा."

मी सासूबाईंकडे पाहत होते. त्यांनी चिमटीतलं कुंकू ताटात परत टाकलं.  मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मंग मी वरीसभर कोना पाया पडनू?"

 वर्षभर मीही तेच विचारत होते. "माले समजत नही, माय," म्हटलं आणि मला रडू फुटलं.

गोदाकाकू पुन्हा म्हणाल्या, "बठ्ठा गाव देखी राह्यना. धाडा तिले मांगे." तेवढ्यात सासूबाई ताडकन वळल्या. त्यांचा हा आवाज माझ्या ओळखीचा होता, "ए" म्हणायचा.

"जिना पाया मी पडनू, ती मांगे चालाव नही!"

हे प्रेम होतं का मान होता, का नुसता हट्ट, देव जाणे. त्यांनी ताट गोदाकाकूंच्याच हातात कोंबलं आणि कमळपुढे हात केले. कमळनं शकूला घट्ट धरलं. मला वाटलं, ती देणार नाही. देऊ नये असंही एक क्षण वाटलं, इतका तिचा चेहरा उतरला होता. मग तिनं शकूचा पापा घेतला आणि तिला सासूबाईंच्या हातात दिलं. सासूबाईंनी तिला माझ्या कडेवर ठेवलं.

शकूनं भोकाड पसरलं. मागे वळून कमळला हाका मारायला लागली. आणि त्यातच म्हाताऱ्यांचा वाद सुरू झाला. कुणी म्हणे, पूल पहिल्यापासून चालायला पाहिजे, मधूनच कसा धरता? कुणी म्हणे, वर्ष उलटलं, आता चालत नाही. मी रडत्या पोरीला घेऊन मध्येच उभी. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "अर्धा मांगला सालना, अर्धा औंदाना. पूल पुरा."

मी म्हटलं, "माय, डॉक्टर म्हणतात, एकटीनं पोर घेऊन चालायचं नाही."

"एकटी कुठं शे तू?" त्यांनी माझ्या लुगड्याचा काष्टा मागून मुठीत धरला, चोराला धरावं तसा. "तू पोरले धर. मी तुले धरस."

असे आम्ही राहिलेला पूल चाललो. पुढे कानबाई, मागे मी, माझ्या कडेवर किंचाळणारी शकू, आणि माझा काष्टा धरून अनवाणी सासूबाई. वास येत होता का गेला होता, मला आठवत नाही. मी पडले नाही एवढं खरं. देवपूरच्या टोकाला शकू रडून रडून दमली आणि माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली. कमळ म्हणाली, "ठेव आता खाली, झाला पूल."

मी ठेवलं नाही.

देव्हाऱ्यातली बाटली

काठावर पोचल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आज गोयी लिधी का?" मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. दोघांनाही ठाऊक नव्हतं. "दोन्ही मिळीसन एक गोयी संभाळता येत नही?" असं म्हणून त्यांनी आम्हा दोघांना नदीच्या काठावर सगळ्यांसमोर शब्दांनी झोडपलं. घरी आल्यावर मला विचारून तांदळाच्या डब्यातून बाटली काढली आणि देव्हाऱ्यात कानबाईच्या नारळाशेजारी ठेवली. तेव्हापासून आजपर्यंत रोज सकाळी पूजा झाली की तीर्थाबरोबर गोळी माझ्या हातावर ठेवतात. त्यांच्या मते कानबाईनंच मला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरांच्या मते गोळीनं फिट थांबली. मी दोघांशीही वाद घालत नाही.

सगळं गोड झालं असं नाही. गोदाकाकू आमच्याकडे पाणी पीत नाहीत. मला पहिलं ताट मिळत नाही, आणि सासूबाई पुन्हा "ए" म्हणतात. शकूला माझी सवय व्हायला पुढचा श्रावण उजाडला, आणि कमळ त्या काळात माझ्याशी धड बोलली नाही. आता बोलते. मधून एकदा गोळ्या मिळाल्या नाहीत तेव्हा मी पडले. पुन्हा उठले. शकू शाळेत जाते, पुस्तकातलं वाचून दाखवते. तिला विचारलं, तू पाण्याला भितेस का, तर म्हणते, "हो, खूप." म्हणजे पूल दाखवण्याचं तेवढं खोटं ठरलं.

तर नळाजवळ पडलेल्या पोरी, तू मला विचारलंस, कसं ठेवून घेतलं. मला अजूनही नीट ठाऊक नाही. तुझ्या सासूला माझ्या सासूबाईंकडे पाठव, त्या तिच्याशी बोलतील, त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. गोळी चुकवू नकोस. चुलीपासून लांब बस. आणि त्या संध्याकाळी तुझं एक विचारायचं राहून गेलं, पण तुझी रिकामी कड मला दिसली होती. पोर घे. बसून घे, भिंतीला टेकून घे, शेजारी कुणाला तरी बसव. पण घे.